सोमवारचं पान, मंगळवारी लिहिलेलं

हवालदार हंबीरराव बोटाला थुंकी लावून रजिस्टरची पानं उलटत होते आणि बाळासो काउंटरच्या आत उभा राहून त्या बोटाकडं बघत होता. बोट एका ओळीवर थांबलं.

"सोमवार. संध्याकाळी सहा ते साडेसहा. मशीन नंबर पाच," हंबीररावांनी मोठ्यानं वाचलं. "दीक्षा जयसिंग कुरणे. आधार नंबर हाय, मोबाइल नंबर हाय, सही हाय. बाळासो, तुझ्यासारखी वही अख्ख्या कोल्हापुरात कोण ठेवत न्हाय बघ."

ती ओळ बाळासोनंच लिहिली होती. सहीसुद्धा त्यानंच ठोकली होती. आणि सोमवारी संध्याकाळी सहा वाजता दीक्षा कुरणे त्याच्या कॅफेत नव्हतीच.

आता हे कसं झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस लबाड होता. लबाड नव्हता हो. आळशी होता. आणि आळशी माणसाच्या हातात सरकारी वही दिली की तो आपसूक लबाडीच्या वाटेला लागतो.

सायबर कॅफे चालवायचा तर कायदा आहे. जो मशीनवर बसेल त्याचं ओळखपत्र बघायचं, नाव, पत्ता, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहायची, सही घ्यायची आणि ती वही वर्षभर जपून ठेवायची. कायदा करणाऱ्या साहेबानं कधी फॉर्मच्या शेवटच्या तारखेला फुलेवाडीत बाळासोच्या दुकानात उभं राहून बघितलेलं नसणार. पाच मशीन, पंचवीस पोरं, एक प्रिंटर, तोही कागद चावणारा. त्यात एकेकाचं आधार कार्ड बघत बसलं तर मागची पोरं पुढच्या दुकानात जातात. बाळासो म्हणायचा, "बसा की पावणं, नाव मागनं लिवू," आणि ते मागनं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी.

रोज सकाळी दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, चहा मागवायचा आणि कालचं पान भरायला घ्यायचं. कोण आलं होतं ते आठवायचं. चार-पाच आठवायचे. पण चार-पाच ओळींवर भागत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तपासणीला आलेला एक साहेब वही बघून भडकला होता. "पाच मशीन आणि दिवसाला पाच गिऱ्हाईकं? आम्हाला खुळं समजतोस काय?" तेव्हापासून बाळासो पान भरगच्च करायचा. झेरॉक्स मशीनपाशी आधार कार्डांच्या बिघडलेल्या, जादा निघालेल्या प्रतींचा गठ्ठा पडलेला असायचा. वरनं एकेक प्रत उचलायची, नाव-नंबर उतरवायचा, मनाला येईल ती वेळ टाकायची, सही करायची. एकाच पेनानं सगळं लिहिलं तर डोळ्यांवर येतं, म्हणून त्यानं तीन पेनं ठेवली होती, निळं, काळं आणि एक जेलचं. या हुशारीचा त्याला अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

सोमवारी सकाळी दीक्षा झेरॉक्सला येऊन गेली होती. मंगळवारी सकाळी तिची प्रत गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. सहा ते साडेसहा, पाच नंबर, ही ओळ रिकामी दिसत होती. जेलचं पेन हाताला आलं. काम फत्ते.

आणि सोमवारी सहा वाजता पाच नंबरला खरोखर बसला होता एक परका माणूस. हातात हेल्मेट होतं एवढंच बाळासोला आठवत होतं. "दहा मिनिटं पायजे," तो म्हणाला, आणि बाळासो प्रिंटरात अडकलेला कागद ओढता ओढता म्हणाला, "बसा की पावणं." कॅमेरा होता, पण तो नुसता डबा. पोरांनी माउस चोरू नयेत म्हणून लावलेला, आत वायरसुद्धा नव्हती.

त्या दहा मिनिटांत त्या माणसानं खोट्या नावाच्या खात्यावरनं एक पोस्ट टाकली. काय होती ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखी नव्हतीच. मंगळवारी दुपारपर्यंत ती गावभर फिरली, एका चौकात दगडफेक झाली, दुकानांची शटरं धडाधड पडली आणि संध्याकाळी सरकारी आदेशानं अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. बुधवारी सकाळी आठ वाजता पोलीस बाळासोच्या दारात. एका तंत्रज्ञ पोरानं तासभर खाटखुट करून सांगितलं, पोस्ट इथनंच गेली, पाच नंबरवरनं, सहा दहाला. पाच नंबर पोत्यात बांधून गेला. राहिली वही.

"हवालदार," बाळासो म्हणाला. "ती पोरगी तसली न्हाय."

"तसली कसली हे तू ठरवणार? ठाण्यातल्या मॅडम ठरवतील की." हंबीररावांनी वही काखेत मारली. ते त्याच गल्लीतले, बाळासोशी वीस वर्षांची ओळख, म्हणून खालच्या आवाजात बोलले. "हे बघ. चार वाजता ठाण्यात ये. वही माझी, नोंद खरी, एवढाच जबाब द्यायचा. दोन ओळी. मग तुला कोण हात लावत न्हाय. वहीत नाव सापडलं नसतं ना, तर आज तुलाच उचलला असता. गाव पेटलंय, वरनं सारखे फोन यायला लागल्यात. कुणाचं तरी नाव पायजेच हाय."

"आन् पोरगी?"

"तिला पण चारलाच बोलावलंय," म्हणून हंबीरराव गेले.

बाळासो स्टुलावर बसला. दुकानात चार मशीन बंद, बाहेर रस्ता सुना. त्याला पोरीची सगळी कुंडली ठाऊक होती, कारण तिचा पोलीस भरतीचा फॉर्म त्यानंच भरला होता. बाप जयसिंग शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला, आई मीनाबाई अंगणवाडीत मदतनीस. पोरगी दोन वर्षं पहाटे उठून धावायची. पहिल्या वेळी गोळाफेकीत दोन मार्कांनी गेली, दुसऱ्या वेळी यादीत नाव लागलं. त्या दिवशी त्यांच्या वस्तीत विहारापुढं फटाके वाजले होते आणि तिनं बाळासोला पेढे आणून दिले होते. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. ती व्हायची होती ह्याच ठाण्यात. आणि ह्याच ठाण्यात तिचं नाव आज गुन्ह्याच्या कागदावर चढणार होतं, ते बाळासोच्या जेलच्या पेनानं.

नोकरी गेली असती, ती तर गेलीच असती. पण एवढ्यावर थांबलं असतं का? गावात डोकी फिरलेली. त्या पोस्टमागं कुरणे नावाची पोरगी आहे, कुठल्या वस्तीतली आहे, हे एकदा बाहेर फुटलं की कुणाला पुरावा नको होता. बाळासोनं विचार तिथंच तोडला. मग त्याला स्वतःचं आठवलं. खरं सांगितलं तर परवाना जाणार, खोट्या नोंदींचा गुन्हा लागणार, आणि पोस्ट कुणी टाकली तर म्हणे हेल्मेटवाल्यानं. कोण विश्वास ठेवणार? इकडं आड, तिकडं विहीर.

दोन वाजता दारात पावलं वाजली. दीक्षा होती. सलवार-कमीज, पायात धावायचे बूट, हातात प्लॅस्टिकची फाइल. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"काका, ठाण्यातनं फोन आलता. चारला बोलावलंय," ती म्हणाली. "पडताळणी एवढ्या लवकर येती व्हय? आई म्हणाली, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, ऐन वेळी कमी पडायला नको. नेट बंद हाय, पण झेरॉक्स चालू हाय न्हवं?"

बाळासोनं फाइल घेतली. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, जातीचा दाखला, आधार. एकेक कागद काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. आधार कार्ड काचेवर तिरकं पडलं आणि प्रत वाकडी निघाली. ती त्यानं गठ्ठ्यावर टाकली नाही. चुरगाळून खिशात कोंबली.

"काका, तुम्हाला बरं न्हाय का?"

"ॲसिडिटी."

"काय काय विचारतात ओ पडताळणीला?"

"खरं असंल ते सांगायचं," बाळासो म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. सांगावं, आत्ता सांगावं, असं दहादा मनात आलं. पोरी, तुला पडताळणीला बोलावलेलं नाही. पण सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, का, आणि त्या का-चं उत्तर द्यायची छाती त्याच्यात नव्हती. ती पैसे द्यायला लागली तर त्यानं घेतले नाहीत. तिला वाटलं, भरती झाल्याच्या आनंदानं घेत नाहीत. ती गेली.

चारला दहा कमी असताना बाळासो ठाण्याच्या पायऱ्या चढला. बाकावर जयसिंग आणि दीक्षा बसले होते. जयसिंग कामावरचाच निळा शर्ट घालून आला होता. दीक्षाच्या चेहऱ्यावरचं दुपारचं सगळं उतरलं होतं, म्हणजे कुणीतरी तिला कारण सांगितलं होतं. बाळासोला बघून तिला हायसं वाटलं. "हे बघा, काका आले," ती बापाला म्हणाली. "काकांना विचारा, मी सोमवारी फक्त सकाळी गेलते."

बाळासो खाली मान घालून पुढं गेला. कॉरिडॉरात हंबीरराव भेटले. त्यानं त्यांचा हात धरून भिंतीकडं ओढलं आणि खरं काय ते सांगून टाकलं, अर्ध्या मिनिटात, धाप लागल्यासारखं. हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"गाढवा," ते म्हणाले. "बरं, ऐक. सगळं सांगू नको. एवढीच ओळ चुकली म्हण. गर्दीत दुसऱ्याच्या जागी तिचं नाव पडलं म्हण. वही खरी, ओळ खोटी. तुझं बी निभावंल, तिचं बी निभावंल."

बाळासोला तो मार्ग देवासारखा वाटला.

फौजदार वर्षाराणी इंगवले मॅडम आदल्या रात्री झोपल्या नव्हत्या, ते डोळ्यांवरनं कळत होतं. टेबलावर वही उघडी. त्यांनी दीक्षा आणि जयसिंगलाही आत घेतलं आणि उभंच ठेवलं.

"वही तुमची?"

"व्हय मॅडम."

"ही नोंद?"

"ती... मॅडम, तेवढी एक ओळ चुकून पडल्या. गर्दी हुती. ही पोरगी सकाळी आलती, संध्याकाळी न्हवती."

मॅडमनी मान वर केली. "एकच ओळ चुकली?"

"व्हय."

"सबंध वहीत एकच. आणि ती बरोबर ह्या वेळेची, ह्या मशीनची." त्यांचा आवाज चढला नाही, पण खोलीतली हवा बदलली. "सकाळी हवालदारांना हे का नाही सांगितलंत? तेव्हा तर वही बरोबर होती."

बाळासो टेबलावरच्या वहीकडं बघायला लागला.

"सकाळपासून आत्तापर्यंत कुणी भेटलं होतं तुम्हाला? कुणी दुकानात आलं होतं?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत दीक्षाच बोलली. सरळ पोरगी, खरं सांगायचं म्हणून आलेली. "मी गेलते मॅडम. दोन वाजता. झेरॉक्सला."

जयसिंगनं डोळे मिटले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ज्या नोंदीवरनं तुमच्यावर संशय आहे, ती नोंद लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही जबाबाच्या दोन तास आधी भेटलात. आणि आता ती नोंद चुकीची ठरतेय. सोमवारी सहा वाजता कुठं होता?"

"घरी. अभ्यास करत."

"बरोबर कोण?"

"कोण न्हाय. आई कामावर, पप्पा शिफ्टला."

"मोबाइल घरी होता म्हणाल, लोकेशन बघा म्हणाल. मोबाइल घरी ठेवूनच लोक कॅफेत जातात. ह्यांना काय दिलंत? पैसे?"

"न्हाय ओ मॅडम. उलट काकांनीच झेरॉक्सचे घेतले न्हाईत."

झालं. खरं बोलून बोलून पोरगी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होती. जयसिंग पुढं सरकून काहीतरी बोलायला लागला तर हंबीररावांनी त्याला हातानं मागं सारलं. मॅडमनी वही आपल्याकडं ओढली. "सही तपासून घेऊ," त्या म्हणाल्या, "तोवर हिला ताब्यात ठेवावं लागेल. पडताळणीच्या कागदावर तसा शेरा जाईल."

शेरा हा शब्द ऐकून दीक्षानं खुर्चीची पाठ धरली. रडली नाही. फक्त बाळासोकडं बघितलं, बाळासो पुढं काहीतरी सांगेल अशा नजरेनं. ती नजर त्याला सोसवेना.

"मॅडम," तो म्हणाला, "सगळी वही खोटी हाय."

हंबीररावांनी तोंड फिरवलं.

"एक ओळ न्हाय. सगळी. दोन वर्सं झाली. मी कुणाचं कार्ड बघत न्हाय, कुणाची सही घेत न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सचा गठ्ठा घेतो आन् पान भरतो. हिची प्रत वर हुती म्हणून हिचं नाव पडलं. दुसऱ्या कुणाची असती तर दुसऱ्याचं पडलं असतं. सही बी माझीच हाय."

"आता हे नवीन," मॅडम म्हणाल्या. "तिला वाचवायला तुम्ही काहीही बोलाल."

"कागद द्या."

त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. बाळासोनं खिशातनं तिन्ही पेनं काढली आणि टेबलावर मांडली. जेलचं पेन उचलून त्यानं दी. ज. कुरणे अशी सही केली, खालून मारलेल्या रेघेसकट. मॅडमनी ती वहीतल्या सहीशेजारी धरली. मग दीक्षाला तिची खरी सही करायला लावली. ती अगदीच वेगळी, शाळेतल्या अक्षरासारखी, रेघ नसलेली. मॅडमनी वहीचं दुसरं पान उघडून नुसती नावं वाचायला सुरुवात केली आणि बाळासो सह्या करत गेला. निळ्या पेनानं एक, काळ्यानं दुसरी, तिरकी, गोल, घाईची, म्हाताऱ्या माणसाची. अकरा सह्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुरे."

मॅडमनी सह्यांचा तो कागद वहीत ठेवला.

"सोमवारी कोण बसलं होतं पाच नंबरला?"

"परका माणूस. हातात हेल्मेट हुतं. तोंड आठवत न्हाय."

"म्हणजे गाव पेटवणारा मोकळा फिरतोय, आणि त्याचं नाव लिहायची जी एक जागा कायद्यानं दिली होती, ती तुम्ही हिच्या नावानं भरलीत."

"व्हय."

"तुमच्यावर गुन्हा दाखल होणार. परवाना तर गेलाच. हे समजून बोलताय?"

"व्हय," बाळासो म्हणाला. आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्याला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. एवढं मोठं काम आपण आयुष्यात केलं नव्हतं, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

मॅडमनी दीक्षाचा वेगळा जबाब घेतला, पाच ओळींचा, आणि तिला जायला सांगितलं. "पडताळणीचं पडताळणीच्या वेळी बघू. शेरा नाही." जयसिंगनं हात जोडले, मॅडमना, हंबीररावांना, आणि वळून बाळासोलाही. दीक्षानं जोडले नाहीत. दाराशी जाऊन ती थांबली.

"काका, दुपारी मी आलते तवा तुम्हाला ठाऊक हुतं?"

"व्हय."

तिनं मान हलवली आणि बापामागनं बाहेर गेली. मघाचं ते बरं वाटणं बाळासोच्या मनातनं साफ उतरलं.

तो जबाब लिहायला खुर्चीवर बसला. मॅडम वही चाळत होत्या. मागं, आणखी मागं. एका पानाशी त्या थांबल्या आणि कपाळावर बोटं टेकवून वाचत राहिल्या.

"दोन वर्षांतली सगळी पानं म्हणालात."

"व्हय."

"मार्चमधलीसुद्धा?"

"सगळीच मॅडम."

"हंबीरराव, ती मार्चची फाइल आणा."

"कोणची?" हंबीरराव म्हणाले, पण त्यांच्या आवाजावरनं कळलं की कोणती ते त्यांना ठाऊक होतं. ते गेले आणि दोऱ्यानं बांधलेली फाइल घेऊन आले. मॅडमनी आतनं एक झेरॉक्स काढून बाळासोपुढं ठेवली. त्याच्याच वहीचं पान. खाली त्याच्याच दुकानाचा शिक्का आणि त्याच्याच हातचं 'खरी नक्कल'. मधल्या एका ओळीला लाल पेनानं गोल केलेला. सूरज कृष्णात मगदूम, वय एकोणीस, मूळ गाव कबनूर.

बाळासोला आठवलं. मार्चमध्ये कुठल्याशा कॉलेजला धमकीचा मेल गेला होता, तोही त्याच्या कॅफेतनं. ठाणं हेच, पण साहेब दुसरे होते. त्यांनी पानाची नक्कल मागितली, बाळासोनं काढून दिली, शिक्का मारला. पोरगा त्याच कॉलेजचा निघाला, हजेरीवरनं सरांशी भांडलेला. कुणाला शंकासुद्धा आली नाही.

"तेवीस दिवस आत होता," मॅडम म्हणाल्या. "आता जामिनावर आहे. परीक्षा बुडाली, कॉलेजनं काढला. पहिल्या दिवसापासून एकच सांगतोय, मी त्या दिवशी कॅफेत गेलोच नव्हतो. कुणी ऐकलं नाही, कारण ही वही होती. तुमच्याकडं आला नव्हता तो?"

आला होता की. मे महिन्यात, बापाबरोबर. कृष्णात मगदूम, यंत्रमागावर काम करणारा, कानानं जरा कमी ऐकणारा माणूस. काउंटरवर दोन्ही हात टेकून तो म्हणाला होता, "मालक, तेवढं वहीत परत एकदा बघा की. पोरगं खोटं बोलत न्हाय." बाळासोनं कपाटातनं वही काढली, पान उघडलं, ओळीवर बोट ठेवून त्यांच्यापुढं धरली. हे बघा नाव, हे बघा नंबर, ही बघा सही. वही खोटं बोलत न्हाय. आणि पोराला म्हणाला, "आठव जरा. आला असशील, इसरला असशील." यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की तो त्यांना फसवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. शेकडो पानांत कुठल्या ओळी आठवून लिहिलेल्या आणि कुठल्या गठ्ठ्यातनं उचललेल्या, हे त्याचं त्यालाच उरलं नव्हतं. पोरानं बापाचा दंड धरून त्याला दुकानाच्या पायरीवरनं खाली उतरवलं होतं.

मॅडमनी वहीतलं मूळ पान त्याच्यासमोर फिरवून ठेवलं. "नीट बघा आणि सांगा. ही सही तुम्ही केलेली आहे, की त्या मुलानं?"

बाळासो पुढं वाकला. काळं पेन. तिरकी सही, शेवटचा म जरा लांबवलेला. अशी तो करायचा. अशी कुणीही करतं. त्या दिवशी सकाळी चहा पिताना हे नाव लिहिल्याचं आठवतंय का? की संध्याकाळी एक पोरगं काउंटरवर वाकून, पेन मागून सही करून गेलं होतं? सगळी वही खोटी म्हणाला होता खरा, पण कधीमधी एखादं पोरगं स्वतः वही ओढून सही करायचंच. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझी हाय म्हणावं, पोरगं सुटेल, असं मनात आलं. पण तेही नुसतं पान भरणंच झालं असतं.

"आठवा," मॅडम म्हणाल्या.

"आठवंना मॅडम."

"तेवीस दिवस आहेत त्या पोराचे. आठवा."

त्यानं पुन्हा बघितलं. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तसं पान जास्तच धूसर झालं.

"माझी असंल," तो म्हणाला. "न्हायतर त्याची असंल. मला खरंच ओळखू येईना."

मॅडमनी एक कोरा कागद काढून त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "हेच लिहा."